जुनी ‘कॉम्प्रेसर’ मोटार : ताकद वाढवण्याआधी हिशेब मांडा

पुण्याच्या जुन्या मोटारींच्या बाजारात एक माल तरुण गिऱ्हाइकांना फार भुलवतो आहे. डिकीवर चंदेरी अक्षरांत ‘कॉम्प्रेसर’ लिहिलेली मर्सिडीज. सी १८०, सी २००, ई २०० अशी तिची नावे. नवी होती तेव्हा वीस लाखांच्या वर किंमत असलेली ही गाडी आज पंधरा-वीस वर्षांनंतर नव्या लहान मोटारीपेक्षा कमी पैशांत दारात उभी राहते. घेणारा तरुण गाडी घेतो आणि दुसऱ्याच आठवड्यात विचारतो, “हिची ताकद अजून वाढवता येईल का?”

वाढवता येते. पण त्याला काय लागते, किती मिळते आणि बिल कोण भरतो, हे आधी समजून घ्यावे म्हणून हा लेख. आम्ही धंद्याने कापडवाले. मोटारीच्या विषयात कापडवाल्याने का पडावे, असे कोणी विचारील. त्याची कारणे दोन. एक म्हणजे आपली कितीतरी मुले गॅरेज, सुटे भाग, रंगकाम आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री या धंद्यांत आहेत, आणि त्यांचे भांडवल या मालात अडकते आहे. दुसरे म्हणजे ही सगळी गोष्ट शेवटी एका पट्ट्याची आणि दोन पुलींची आहे, आणि पुली बदलल्याने काय होते हे मागावर कापड विणून घेणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

गाडी पुण्याचीच

ही गाडी परदेशी नावाची असली तरी तिची जोडणी आपल्याच भागातली आहे. मर्सिडीज-बेंझ कंपनी १९९४ साली टेल्कोबरोबर भागीदारीत भारतात आली आणि १९९५ पासून पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या आवारात गाड्या जोडू लागली. २००९ मध्ये तिचा स्वतःचा कारखाना चाकणला सुरू झाला. आज जुन्या बाजारात दिसणाऱ्या सी-क्लास आणि ई-क्लास ‘कॉम्प्रेसर’ बहुतेक याच काळातल्या. म्हणून पुण्यात त्यांची संख्या बरी आहे, त्यांचे सुटे भाग शोधून देणारे लोक आहेत आणि त्यांच्यावर हात बसलेले कारागीरही आहेत. कंपनीने २००६ साली पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात मोटार मेकॅट्रॉनिक्सचा पदविका वर्ग सुरू केला होता. जाणकार हात या शहरात का सापडतात, याचे हेही एक कारण आहे.

यंत्र काय करते?

इंजिनात पेट्रोल जाळायला हवा लागते. जितकी हवा जास्त, तितके पेट्रोल जास्त जळते आणि तितकी ताकद जास्त मिळते. साधे इंजिन हवा स्वतः ओढून घेते. सुपरचार्जर म्हणजे ही हवा जोराने आत ढकलणारा पंप. तो इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. जर्मन भाषेत त्यालाच ‘कॉम्प्रेसर’ म्हणतात. या कंपनीने १९२१ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात असा पंप लावलेल्या गाड्या मांडल्या होत्या, म्हणजे विद्या शंभर वर्षांची जुनी आहे.

पंप त्याहूनही जुना, आणि त्याचे मूळ ऐकून कापडवाल्यांना मौज वाटेल. अमेरिकेतील इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीच्या कापडाची गिरणी होती. गिरणी चालवणारे पाण्याचे चाक सुधारण्याच्या खटपटीत त्यांना एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दोन लोळ्यांची रचना सापडली. ती पाण्यासाठी फारशी चालली नाही, पण हवा फेकायला उत्तम निघाली. १८६० मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले आणि ती भट्ट्यांना वारा घालू लागली. मर्सिडीजच्या या इंजिनावर बसलेला पंप त्याच घराण्यातला आहे.

आता हिशेब बघा. आपल्याकडच्या बहुतेक ‘कॉम्प्रेसर’ गाड्यांत १७९६ सीसीचे, चार सिलिंडरचे एम २७१ नावाचे इंजिन आहे. कंपनीने हेच इंजिन २००२ नंतरच्या सी-क्लासमध्ये तीन भावांत विकले : सी १८० मध्ये १४३ अश्वशक्ती, सी २०० मध्ये १६३ आणि सी २३० मध्ये १९२. पुढे २००७ नंतरच्या सी-क्लासमध्ये सी २०० ची ताकद १८४ झाली. हे आकडे तरुणांना पाठ असतात. त्यावरून ते म्हणतात, “इंजिन तेच, लोखंड तेच. कंपनीने कुलूप लावले आहे, आपण फक्त उघडायचे.”

हे अर्धे खरे आहे. कंपनी ताकद वाढवते तेव्हा ती नव्या इंजिनात वाढवते. कोऱ्या साखळीवर, कोऱ्या नळ्यांवर, सगळी तपासणी करून वाढवते. तुमच्या समोरची गाडी पंधरा-वीस उन्हाळे पाहिलेली आहे. हा फरक ज्याला कळला त्याचे पैसे वाचतात.

पुलीचे गणित

पंप इंजिनच्या वेगाच्या ठराविक पटीत फिरतो. ही पट दोन पुलींच्या व्यासावर ठरते. पंपाची पुली दहा टक्के लहान केली तर पंप सुमारे अकरा टक्के जास्त वेगाने फिरतो आणि तितकी जास्त हवा ढकलतो. खालची, म्हणजे क्रँकची पुली मोठी केली तरी परिणाम तोच. सुपरचार्जर गाडीची ताकद वाढवण्याचा मुख्य मार्ग हाच आहे.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे यंत्रमागाच्या मोटारीची पुली मोठी करून माग पळवणारे मालक आम्ही पाहिले आहेत. मिनिटाला दहा-वीस पिक जास्त पडतात, महिन्याचे मीटर वाढतात, मालक खूश होतो. मग ताण्याचे धागे जास्त तुटू लागतात. कामगार जोडत बसतो. कापडात डाग, जाळी आणि सोडलेले बाण दिसतात. धोटा आणि पिकिंगचे भाग लवकर झिजतात. शेवटी मीटर वाढले तरी चांगले कापड वाढत नाही. ज्याचे सूत चांगले, सायझिंग चांगले आणि माग घट्ट, त्यालाच वाढीव वेग पचतो. इंजिनाचेही तसेच आहे.

वेग वाढला की पंप हवा जास्त दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे मिळवलेले काही हातचे जाते. शिवाय अशा हवेत पेट्रोल वेळेआधी भडकते, त्याला कारागीर ‘नॉकिंग’ म्हणतात. पिस्टनवर घणाचे घाव बसावेत तसे ते असते. ते होऊ नये म्हणून इंजिनचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद आपसूक कमी करतो. म्हणजे नळी, कूलर आणि पेट्रोल ठीक नसेल तर पुलीवर खर्च केलेला पैसा संगणक मागच्या दाराने परत घेतो. पंप फिरवायलाही इंजिनचीच ताकद खर्च होते, हे वेगळेच.

दुसरा मार्ग म्हणजे संगणकातील आज्ञावली बदलणे. त्याला बाजारात ‘रीमॅप’ म्हणतात. टर्बो गाडीत तो मोठा फरक पाडतो, कारण टर्बोचा दाब संगणकाच्याच हातात असतो. सुपरचार्जरमध्ये कमाल दाब पुली ठरवते. संगणक फक्त एका झडपेतून जास्तीची हवा परत फिरवतो आणि पेट्रोल व ठिणगी सांभाळतो. त्यामुळे नुसत्या रीमॅपने मिळणारी वाढ माफक असते. टर्बो डिझेल गाडीच्या वाढीचे आकडे सांगून ‘कॉम्प्रेसर’च्या मालकाकडून पैसे घेणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाही तर चलाख.

पुण्याची हवा आणि आजचे पेट्रोल

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. टर्बो जास्त वेगाने फिरून ही तूट बरीचशी भरून काढतो. पट्ट्यावरचा पंप मात्र दर फेऱ्याला ठराविक मापाचीच हवा उचलतो. हवा विरळ असेल तर मालही कमी भरतो, जसे माप तेच पण धान्य पोकळ. म्हणून कोणी परदेशातील आकडा दाखवून “इतकी अश्वशक्ती मिळेल” म्हणाला, तर ती पुण्यात मोजून दाखव, असे म्हणावे.

पेट्रोलचीही गोष्ट तशीच. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सर्वत्र झाले. इथेनॉल नॉकिंगला विरोध करते, हा फायदा. पण त्यात उष्णता कमी, म्हणून तितक्याच हवेला साधारण सात-आठ टक्के जास्त इंधन ओतावे लागते. इंजेक्टर आधीच तेवढे जास्त काम करू लागतात. त्यावर पुली लहान करून आणखी हवा भरली तर वरच्या वेगाला पेट्रोल अपुरे पडण्याची शक्यता वाढते, आणि अपुऱ्या पेट्रोलवर जोर लावलेले इंजिन पिस्टन जाळते. शिवाय या गाड्या बनल्या तेव्हा २० टक्के इथेनॉल गृहीत धरलेले नव्हते. इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुण्यात ९९ आणि १०० ऑक्टेनचे महाग पेट्रोल काही पंपांवर आले आहे. नॉकिंग टाळायला ते उपयोगी आहे, पण ट्यूनिंग त्याच्यावर बेतले तर ते कायम भरावे लागते. गावी जाताना वाटेवरच्या पंपावर ते मिळेलच असे नाही.

आधी काय तपासावे

या इंजिनाचे दुखणे जगभरच्या कारागिरांना ठाऊक आहे. ते क्रमाने सांगतो.

पहिले, टायमिंग साखळी. ती एकेरी आणि बारीक आहे. वयाबरोबर लांबते आणि कॅमशाफ्टच्या चक्रांचे दात झिजतात. सकाळी थंड गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड आवाज येतो, तो याचाच. साखळीने दात सोडला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. म्हणून सौदा करताना गाडी रात्रभर थंड राहिलेली असावी. विकणारा आधीच गरम करून आणत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे.

दुसरे, कॅमशाफ्टच्या चुंबकातून झिरपणारे तेल. हे तेल तारांच्या आतून, दिव्याच्या वातीत चढावे तसे, पुढे सरकत सेन्सर आणि संगणकाच्या जोडणीपर्यंत पोहोचते. किरकोळ भागाच्या गळतीतून संगणकाचे मोठे बिल निघते. जोड सोडून आत तेलाचा ओलावा आहे का ते पाहायला पाच मिनिटे लागतात.

तिसरे, इंजिनच्या श्वासाच्या रबरी नळ्या. त्या मागच्या बाजूला, हात न पोहोचणाऱ्या जागी असतात आणि उष्णतेने तडकतात. मग न मोजलेली हवा आत शिरते. गाडी उभी असताना इंजिन डळमळते आणि ओढ कमी होते. अनेक गाड्यांची ‘गेलेली ताकद’ या नळीतून गेलेली असते.

चौथे, खुद्द पंप. त्याला स्वतःचे तेल असते, ते फारसे कोणी बदलत नाही. बेअरिंग किंवा पुढची जोडणी झिजली की डिझेल इंजिनसारखी टकटक येते. या पंपाची पुली लहान करणे म्हणजे दमलेल्या बैलाला चाबूक.

पाचवे, स्वयंचलित गिअरबॉक्स. या गाड्यांतील पाच गिअरचा बॉक्स मजबूत आहे. चार सिलिंडरच्या गाड्यांना दिलेल्या प्रकाराची क्षमता ३३० न्यूटन-मीटर आणि सी २०० चे इंजिन २४०-२५० देते, म्हणजे सूट पुरेशी आहे. पण त्याचे तेल जन्मभर चालते या समजुतीने कोणी बदललेले नसते, आणि तारांच्या जोडाच्या सीलमधून ते गळते. आधी तेल आणि सील, मग इतर गोष्टी.

याखेरीज रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, इंटरकूलर, पट्टा व त्याचा ताणणारा रोलर, प्लग आणि कॉइल. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून कागदावर लिहून घ्यावे. चारही आकडे जवळजवळ सारखे असतील तर पुढे बोलावे.

दोन गाड्यांची हकीकत

आमच्या ओळखीच्या एका तरुणाने कोंढव्यात सी २०० घेतली. फॅब्रिकेशनचा धंदा चांगला चालला होता, हौस होती. सकाळचा खडखडाट त्याला सांगितला होता, पण त्याने आधी पुली मागवली, रीमॅप करवला, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. महिनाभर गाडी खरोखर पळाली. मग कात्रजच्या चढावर साखळीने दात सोडला. इंजिन उघडण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त सांगितला गेला. नवे वेल्डिंग यंत्र घेण्यासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले, आणि त्या हंगामातले एक मोठे काम यंत्राअभावी हातचे सुटले. मोटार गेली याचे दुःख त्याला नंतर राहिले नाही, त्या कामाचे राहिले.

दुसरी गाडी हडपसरच्या एका कारागिराची, तीही सी २००. त्याने घेतल्यावर तीन महिने तिच्या ताकदीचे नावही काढले नाही. साखळी व चक्रे, श्वासाच्या नळ्या, प्लग, पंपाचे तेल, गिअरबॉक्सचे तेल, इंजिनचे माउंट, टायर आणि ब्रेक एवढे केले. मग गाडी ताकद मोजायच्या रोलरवर चढवली, तेव्हा आकडा कंपनीच्या आकड्याच्या जवळ आला. सुरुवातीला ती त्याहून बरीच खाली होती. चालवणाऱ्याला ती नव्या ताकदीची वाटली, आणि प्रत्यक्षात फक्त हरवलेली ताकद परत आली होती. या एका उदाहरणात आमच्या लेखाचे सगळे सार आहे.

थांबण्याची ताकद

पळणाऱ्या गाडीला आधी थांबता आले पाहिजे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘२२१९’ म्हणजे २०१९ च्या २२ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा ओढते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. २००२ ते २००६ मधील ई-क्लास घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. त्या काळच्या या गाडीत विजेवर चालणारी ब्रेकची खास यंत्रणा होती. तिचा पंप आपला वापर मोजतो आणि ठराविक मर्यादेनंतर बदलण्याचा इशारा देतो. कंपनीने २००६ मध्ये ही यंत्रणा काढून टाकली. जुनी ई २०० घेताना हा इशारा आला आहे का, हे यंत्र लावून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या एका तरुणाचा आणि एका तरुणीचा जीव घेतला, ते पुणेकर विसरलेले नाहीत. द्रुतगती मार्गावरही मोटारींची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, घाटात त्याहून कमी, आणि आता कॅमेरे लागले आहेत. १६३ अश्वशक्तीची गाडी ही मर्यादा सहज गाठते. त्यापुढची ताकद रस्त्यावर वापरायला जागा नाही, हे मुलांना घरच्या वडिलांनीच सांगावे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : नोंदणी पुस्तकातील माहिती आणि निर्मात्याने ठरवलेला नमुना यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ ए नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि धुराच्या नियमाचा भंग वेगळा. गाडीचा मूळ नमुना तपासून मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी दोन, कोथरूडच्या टेकडीवरची ‘एआरएआय’ आणि नाशिक फाट्याजवळची ‘सीआयआरटी’, पुण्यातच आहेत. पण गल्लीतल्या गॅरेजने बदललेल्या एकट्या गाडीला तिथून मान्यतेचा कागद मिळेल, या भ्रमात राहू नये.

झिजलेला भाग काढून त्याच मापाचा नवा लावणे, चांगले टायर, चांगले पॅड, ताजे तेल यांना कायद्याची आडकाठी नाही. पुली, रीमॅप आणि सायलेन्सरची गोष्ट निराळी. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर निघाला तर दावा अडकतो. ज्यांना वेगाचीच हौस आहे त्यांनी ती बंदिस्त ट्रॅकवर, त्यासाठीच ठेवलेल्या गाडीत भागवावी.

जुन्या गाडीच्या वयाचाही खर्च धरावा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी फेरनोंदणी. तिची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींना १०,००० ठरली. त्याखेरीज पर्यावरण कर आहे.

धंदा करणाऱ्या मुलांसाठी

या बाजारात खरी कमाई कुठे आहे? आमच्या मते पुली विकण्यात नाही. पुली एकदा विकली जाते, आणि गाडी बिघडली की गिऱ्हाईक दुकानासमोर येऊन उभे राहते. निदान करणाऱ्या माणसाकडे मात्र ते दर सहा महिन्यांनी स्वतःहून येते. नाना पेठेत सुटा भाग कोणीही आणून देईल, पण चारपैकी कोणता भाग बदलायचा हे सांगणारे थोडे. म्हणून भांडवल घालायचे तर चांगल्या स्कॅनरमध्ये, नळ्यांची गळती दाखवणाऱ्या धुराच्या यंत्रात आणि शिक्षणात घालावे. औंधच्या शासकीय आयटीआयसारख्या ठिकाणी पाया पक्का करून मग उस्तादाच्या हाताखाली बसलेला मुलगा दोन्ही बाजूंनी तयार होतो.

खरेदी-विक्री करणाऱ्यांनी नियम लक्षात ठेवावेत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घेणे लागते. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत डीलरला आपल्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. ‘फक्त फॉर्म २९-३० सही करून ठेवा’ हा जुना व्यवहार धोक्याचा आहे. नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी मूळ मालकाच्या गळ्यात राहते.

आणि एक गोष्ट व्यापाराच्या रीतीची. आमच्या धंद्यात थानात डाग असेल तर तो भाग उलगडून गिऱ्हाइकाला दाखवतात आणि भाव तोडतात. गाडीची साखळी वाजत असेल, पुली बदललेली असेल, संगणकात हात घातलेला असेल, तर विकताना ते सांगून टाकावे आणि कागदावर लिहून द्यावे. ऐब झाकून मिळवलेला नफा एका सौद्याचा असतो. दाखवून केलेल्या सौद्यातले गिऱ्हाईक भावाला आणि शेजाऱ्याला घेऊन परत येते.

पैशांची वाटणी

घेणाऱ्याने एकूण रक्कम आधी ठरवावी आणि ती सगळी गाडीच्या किमतीत घालू नये. आमचा सल्ला असा : शंभर रुपये असतील तर गाडीला पन्नासच्या वर जाऊ नये. पंचवीस इंजिन व गिअरबॉक्सच्या दुरुस्तीला, दहा टायर-ब्रेकला, पाच कागदपत्रे व विम्याला आणि दहा हातात शिल्लक. या वाटणीत ताकद वाढवण्यासाठी एक रुपयाही ठेवलेला नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. एक वर्ष गाडी वापरावी. साखळी शांत, तापमान स्थिर, तेल कमी होत नाही, असे झाले आणि धंद्याचे सगळे देणे फिटून पैसे उरले, तरच पुढचा विचार करावा, तोही कायद्याच्या मर्यादेत.

पन्नास रुपयांत बसणारी गाडी सापडत नसेल तर वर्षभर थांबावे. या गाड्यांची किंमत अजून वर चढायची घाई नाही, आणि चांगली ठेवलेली एखादी सी २०० पुण्यात विकायला येतच असते.